ऐच्छिक? कुणासाठी?

‘पिलो’ ही पायथनमधली चित्रांवर काम करणारी लायब्ररी. सर्टिफिकेटवर नाव छापायचं असलं की बहुतेक पायथनवाले तिच्याकडेच जातात. पण देवनागरी नीट मांडायला तिला ‘रक्म’ ही दुसरी लायब्ररी लागते. ‘किरण’मधली वेलांटी ‘क’च्या आधी बसवणं, जोडाक्षर जुळवणं हे रक्मचं काम.

पिलोच्या हिशेबी रक्म ऐच्छिक आहे. ती नसली तरी पिलो अडत नाही, कुरकुरतही नाही. गुपचूप साध्या मांडणीवर उतरते. मग ‘किरण’मधली वेलांटी ‘र’वर जाऊन पडते आणि ‘स्मिता’मधला पाय मोडका ‘स्’ सुटा उभा राहतो. प्रोग्रॅम मात्र सांगतो, काम फत्ते.

८.२.० आवृत्तीपासून पिपवरून येणाऱ्या तयार पॅकेजात रक्म असते, पण ती चालायला मशीनवर ‘फ्रिबिडी’ लागते. लिनक्स डेस्कटॉपवर ती सहसा असते, काटछाट केलेल्या कंटेनरमध्ये सहसा नसते. म्हणजे कोड तोच, लॅपटॉपवर नाव बरोबर आणि सर्व्हरवर त्याची मोडतोड.

याला मी ऐच्छिक म्हणत नाही. इंग्रजी छापणाऱ्याचं काहीच अडत नाही, म्हणून ती ऐच्छिक ठरली.

पॅकेज बांधणाऱ्यांनी यावर काय केलं? डेबियनने तीन पायऱ्या केल्या: डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स. रेकमेंड्समधलं सगळं एपीटी आपणहून टाकतं. पण त्या रकान्यात फक्त पॅकेजांची नावं असतात, कारण लिहायला जागा नाही. मग डॉकरफाइल लिहिणारा ‘नो इन्स्टॉल रेकमेंड्स’ असं लिहून सगळ्याच शिफारशी एका फटक्यात उडवतो. काय गमावतोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आर्च लिनक्समध्ये ऐच्छिक पॅकेजापुढे कारण लिहायची पद्धत आहे. पिलोच्या यादीत रक्मपुढे ‘गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी’ अशा अर्थाची टीप आहे. आमची पहिलीतली लिपी त्यांना गुंतागुंतीची वाटते, ते असू दे. निदान टीप तरी आहे.

‘मग सगळंच सक्तीचं करा’ हे उत्तर मला मान्य नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेडमध्ये पेरलेला चोरदरवाजा सापडला. ओपनएसएसएचला एक्सझेडची स्वतःची काहीच गरज नव्हती. काही डिस्ट्रोंनी तिला सिस्टमडीची लायब्ररी जोडली आणि तिच्यामागून एक्सझेड आत आलं. नको असलेली प्रत्येक डिपेंडन्सी म्हणजे घराला आणखी एक दार.

माझ्या मागण्या दोनच. ऐच्छिक म्हणाल, तर ती नसताना कुणाचं काय बिघडेल हे एका ओळीत लिहा. आणि ती सापडली नाही, तर प्रोग्रॅमने तसं ओरडून सांगावं. गप्प राहून चुकीचं छापण्यापेक्षा बंद पडलेलं बरं.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. रक्म चालू आहे का, हे पिलोला कोडमधून विचारता येतं. उत्तर ‘नाही’ आलं, तर बिल्ड तिथेच पाडा. कुणाचं तरी नाव त्यावर छापलं जाणार आहे.