बैलाचे दात पाहतो, मग घराचा स्लॅब का नाही?

राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते तेव्हा तिथे थोडा वेळ उभे राहून बघावे. बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर बघतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. बैलाच्या धन्याला यात अपमान वाटत नाही. सौदा म्हटला की तपासणी आलीच. पण हाच माणूस बैलाच्या कित्येक पट किमतीचे घर घेतो तेव्हा काय बघतो? भिंतीचा रंग, दाराची दिशा आणि फार तर नळाला पाणी येते का, एवढेच.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असेच घर घेतले. काका नुकतेच निवृत्त झालेले. वस्तीबाहेर, बाजारपेठेजवळ स्लॅबचे तयार घर मिळाले. व्यवहार उन्हाळ्यात झाला, भिंतींना ताजा रंग होता. आषाढात स्लॅब गळू लागला. श्रावणात छताचा पोपडा नातवाच्या पाळण्याशेजारी पडला आणि आतली गंजलेली सळई उघडी पडली. आम्ही विचारले, "इंजिनिअरला दाखवले नव्हते का?" काका म्हणाले, "बँकेचा माणूस येऊन गेला होता की! रिपोर्ट आहे आपल्याकडे."

तो रिपोर्ट आम्ही वाचला. तो मूल्यांकनाचा अहवाल होता, घराच्या तब्येतीचा नव्हता. मूल्यांकन बँकेसाठी असते. कर्ज थकले तर या घराचे किती पैसे येतील, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. छताखाली तुमचे नातवंड झोपणार आहे, हा त्या कागदाचा विषयच नाही.

पण खरी गोष्ट काका नंतर बोलले. "आपल्याला घर द्यायला तयार झाले हेच पुष्कळ. जास्त चौकशा केल्या असत्या तर नाही म्हणाले असते."

मित्रहो, या वाक्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत. १९१७ साली परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. आज आपण पैसे मोजून घर घेतो, तरी मनात उपकाराची भावना असते. घर विकत घेण्याचा हक्क आपण मिळवला, पण प्रश्न विचारण्याचा हक्क अजून वापरत नाही. पूर्ण किंमत मोजणारा माणूस कोणाचा उपकृत नसतो. गिऱ्हाईक म्हणून बरोबरीने उभे राहणे हीसुद्धा समतेचीच गोष्ट आहे.

जुने घर विकण्याआधी तपासणी अहवाल देण्याची सक्ती आपल्याकडे नाही. म्हणून तो आपणच करून घ्यायचा. विसार देण्याआधी, आपल्या खर्चाने, आपण निवडलेल्या स्थापत्य अभियंत्याकडून. दलालाने आणलेल्या माणसाकडून नको. वास्तुशास्त्रवाल्याला दक्षिणा द्यायला आपल्यातलेही काही जण तयार असतात आणि अभियंत्याची फी मात्र त्यांना जड वाटते. दार दक्षिणेला असल्याने कोणाचे छत कोसळत नाही. सळई गंजल्याने कोसळते.

अहवाल हातात आला की दोषांची संख्या मोजून घाबरू नका. दोषांचे तीन ढीग करा. पहिला जिवाचा: बीम-कॉलमच्या भेगा, फुगून सुटलेले काँक्रीट, उघडी सळई, अर्थिंग नसलेली वीजजोडणी. दुसरा पैशाचा: गळका स्लॅब, लोणा लागलेली भिंत, तुंबणारे सांडपाणी. तिसरा किरकोळ: खिडकीची कडी, उडालेला रंग, प्लास्टरमधली केसासारखी भेग. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, रुंदावत जाणारी भेग किरकोळ समजू नका. पाया खचत असल्याची ती खूण असू शकते. पहिल्या ढिगातले काही निघाले तर दुरुस्तीचा अंदाज हाती येईपर्यंत विसार नाही. दुसऱ्या ढिगाचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा आणि जे ठरेल ते विसारपावतीत लिहून घ्या. तिसऱ्यावरून भांडत बसू नका.

अहवालातला सर्वांत महत्त्वाचा भाग अनेकदा शेवटी असतो: काय तपासता आले नाही. 'गच्चीवर जाता आले नाही', 'खोली कुलूपबंद होती' असे लिहिले असेल तर तिथे पुन्हा जा. राजूरच्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. उन्हाळ्यात पाहिलेले घर अर्धेच पाहिलेले असते. जमले तर भर पावसात एक फेरी मारा.

आणि हे लक्षात ठेवा की अभियंता भिंतीबद्दल बोलतो, मालकीबद्दल नाही. अकोले तालुक्यात हा भेद फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. या कलमापुरते आपणही बिगरआदिवासीच. ही अडचण नव्हे, आपल्या आदिवासी बांधवांचे संरक्षण आहे. त्यातून पळवाट शोधणे आपल्याला शोभत नाही. सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा नमुना ८ वकिलाला दाखवा, भिंत अभियंत्याला दाखवा.

कायदाही अगदीच मुका नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला पण गिऱ्हाइकाला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायचा असतो. मात्र करारात वेगळे ठरले तर ही जबाबदारी बदलते. म्हणून 'जसे आहे तसे' अशी ओळ खरेदीखतात दिसली की थांबा. नोंदणीकृत नव्या प्रकल्पात रेरा कायद्याचे कलम १४ आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. गावातल्या जुन्या सुट्या घराला हे कवच नाही.

आपण विकणारे असू तेव्हाही हीच कसोटी. नाशिकला, संगमनेरला मुलांकडे जाताना घर विकायचे आणि ओल रंगाखाली दडवायची, हे आपल्याकडूनही होते. आपल्या हातात आलेल्या पैशात दुसऱ्या कोणाच्या पाळण्याशेजारचा पोपडा असू नये.

आपल्या वस्त्यांत आता स्थापत्य पदविका घेतलेली पोरे आहेत, वकिली शिकलेल्या मुली आहेत. महिन्यातून एक रविवार विहारात बसून लोकांचे असे कागद मराठीत वाचून दाखवायला काय हरकत आहे? जयंतीच्या मंडपाइतकाच घाम इथेही गाळू या. काकांच्या स्लॅबची दुरुस्ती चालू आहे. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा त्यात गेला. पुढच्या काकांचा तरी वाचवू.

जय भीम!