सही आईबापाची, जीव मुलाचा

२०२५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये गोवराची साथ आली आणि लस न घेतलेली दोन मुले दगावली. तिथे शाळेत नाव घालायचे तर लस सक्तीची. पण बहुतेक राज्यांचे कायदे धर्माच्या कारणावरून आईबापांना सूट देतात. नंदनवनात बसून आम्ही याची चिंता का करावी? कारण २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या झोपडपट्टीतली लेकरे याच गोवराने गेली.

आपल्याकडे बालकांच्या लशी मोफत आहेत, पण सक्तीचा देशव्यापी कायदा नाही. गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांची स्पष्ट संमती आवश्यक ठरवली. २ मे २०२२ रोजी कोरोना लशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, कलम २१ नुसार कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते.

वकील म्हणून आम्हाला संमतीचा हक्क मान्य आहे. पण संमती म्हणजे मालकी नव्हे. मूल आईबापाची मालमत्ता नाही. कलम २१ त्याचेही आहे. आणि धर्माची सबब सांगणाऱ्यांनी कलम २५ वाचावे. संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण देवदेवता सोडल्या. मग मुलाच्या अंगावर पुरळ उठले की 'माता आली' म्हणणारे आपल्यात अजून का सापडतात?

तरीही सगळा दोष आईच्या माथी मारणे हा अन्याय आहे. लस टोचली की मूल रात्रभर तापाने फणफणते आणि दुसऱ्या दिवशी आईची मजुरी बुडते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. ती बातमी वाचलेल्या आईने शंका घेतली तर तिला अडाणी म्हणायचे?

लशीचा दाखला नाही म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवणे हा तर उपाय नव्हेच. शाळेचे दार आपल्यासाठी फार उशिरा उघडले. आईबापाच्या चुकीपायी ते लेकरावर बंद होता कामा नये. शाळेने दाखला मागावा, आणि नसेल तर लसच शाळेत आणावी.

म्हणून आमचे म्हणणे दोघांनाही आहे. महापालिकेने रविवारी, मजुरीच्या सुट्टीला, वस्तीत शिबिरे घ्यावीत. विहारांच्या समित्यांनी त्यासाठी जागा द्यावी. आणि मायबापांनो, प्रश्न जरूर विचारा. ही लस कशाची? ताप आला तर काय करायचे? त्रास वाढला तर जबाबदार कोण? उत्तर मिळेपर्यंत हटू नका. पण उत्तर मिळाल्यावर मुलाला घरी परत नेऊ नका. सही तुमची असली, तरी जीव त्याचा आहे.