पिकअप गाडीस हवेचा टेकू

शेतमालाच्या वाहतुकीचा विषय आपल्या मासिकांत वारंवार येतो. परंतु त्यांत भाडें, बाजारभाव व रस्ते यांचीच चर्चा अधिक असते. गाडी स्वतः किती भार सोसते, व तो भार तिच्या कोणत्या चाकांवर पडतो, याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. यंत्रविद्येचा अभ्यास केलेला नाहीं. तथापि कागदावरचा आंकडा व प्रत्यक्षांतली वस्तु यांचा ताळा घेण्याची जी संवय त्या नोकरीनें लाविली, तिच्याच बळावर हे चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

आमचा चांदवड तालुका म्हणजे उन्हाळ्यांत पाण्यासाठीं वणवण. माझ्या पुतण्यानें राहूड घाटाखालीं, उमराण्याच्या अंगास, दोन एकर डाळिंब लाविलें आहे. भरंवशाची विहीर मात्र घाटावर. तेव्हां त्यानें हजार लिटरची टांकी बसविलेली दोन चाकांची एक जुनी ट्रॉली विकत घेतली, व ती पिकअपच्या मागच्या हुकास जोडून तो पाणी नेऊं लागला. ट्रॉली जोडली कीं गाडीचा मागला भाग खालीं बसे, पुढला भाग वर होई, व रात्रीं दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाई. यावर उपाय म्हणून त्यानें फोनवर अमेरिकेंतील पिकअप गाड्यांचीं चित्रें पाहून हवेच्या मदतनीस स्प्रिंगांचा एक जोड मागविला, आणि गॅरेजांत बसवून घेतला. गाडी अगदीं ओळंब्यांत उभी राहिली. "काका, आतां कितीहि भरा, बसायची नाहीं," असें तो मला मोठ्या कौतुकानें म्हणाला. बसायची नाहीं हें खरें होतें. कितीहि भरा, हें खोटें होतें. आणि तें कळावयास गेला वैशाख उजाडावा लागला.

ही वस्तु वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत रबरी फुग्यांच्या स्प्रिंगांवर काम चालविलें, व १९५४ सालीं ग्रेहाउंड कंपनीच्या लांब पल्ल्याच्या नव्या बसगाड्या हवेच्या स्प्रिंगांवर धांवूं लागल्या. आपल्याकडील मोठ्या आरामगाड्यांखालींहि आज असे फुगे असतात. पिकअपसाठीं जो जोड मिळतो तो मात्र नांवाप्रमाणें मदतनीसच. मूळचे पोलादी पाटे जागींच राहतात; चासी व मागची आंस यांच्यामध्यें दोन्ही अंगांस एकेक फुगा बसवितात, आणि टायरांत भरतात तशी त्यांत हवा भरतात. गाडी रिकामी असतां चार-पांच पौंड हवा ठेवावी लागते, नाहींतर फुगा चेपून फाटतो; भाराप्रमाणें ती वाढवीत बहुतेक जोडांत शंभर पौंडांपर्यंत नेतां येते. दोन्ही फुग्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्या हें उत्तम. त्या एकत्र जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूस पळते आणि गाडी अधिकच कलते. फुगा धुराच्या नळकांड्याजवळ आला तर उष्णतेनें रबर जळतें, म्हणून मध्यें पत्रा लावावा लागतो. एवढी काळजी घेतल्यास खड्ड्यांतून जातांना पाटे ठोकरावर आदळत नाहींत, दिवे सरळ राहतात, व गाडी डुलत नाहीं. हे गुण मला मान्य आहेत.

आतां दोषाकडे वळूं. दोष त्या फुग्याचा नव्हे, आपल्या समजुतीचा आहे.

आपण सर्वांनीं बैलगाडी भरलेली आहे. माल मागें अधिक झाला तर गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून वर उचलतें. माल पुढें अधिक झाला तर बैलांचे खांदे सोलून निघतात. म्हणून शहाणा गाडीवान धुरेवर थोडासाच दाब राहील असा माल रचतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचा न्याय हाच. तिच्या एकूण वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका दाब दांडीवर असावा, असा अमेरिकेंतील ओढगाड्यांचा ठोकताळा आहे. त्याहून बराच कमी झाला तर ट्रॉली रस्त्यावर नागमोडी हेलकावे खाऊं लागते. अधिक झाला तर ओढणाऱ्या गाडीस त्रास. मात्र बैलगाडींत दाब बैलाच्या खांद्यावर येतो, व पिकअपमध्यें तो मागच्या आंसेच्याहि मागें, हुकावर येतो. पहारेनें धोंडा उचटतांना जें घडतें तेंच येथें घडतें. मागची आंस हा टेकू. हुकावर दाब पडला कीं पुढलीं चाकें हलकीं होतात. आणि वळविण्याचें काम पुढल्या चाकांचें आहे. ब्रेक लावल्यावर रोखण्याचेंहि मोठें काम त्यांचेंच आहे.

फुग्यांत हवा भरल्यानें मागला भाग वर येतो, परंतु पुढल्या चाकांवरून गेलेला भार परत येत नाहीं. ही गोष्ट मला तोंडी कोणी सांगितली असती तर मींहि मानली नसती. म्हणून आम्हीं ती वजनकाट्यावर नेऊन पाहिली. पण त्याआधीं काय झालें तें सांगितलें पाहिजे.

वैशाखांत एके दिवशीं पुतण्यानें ट्रॉली पाण्यानें भरली, आणि खेप वाचावी म्हणून पिकअपच्या हौद्यांत खताच्या ५० किलोंच्या २४ गोणी टाकल्या. फुग्यांत ६० पौंड हवा. गाडी सरळ दिसत होती. पाहणाऱ्यास संशय येण्याजोगें कांहींच नव्हतें. घाट उतरतांना एका वळणावर पुढला ट्रक एकाएकीं मंदावला. यानें ब्रेक दाबला. गाडी थांबेना, ट्रॉली मागून रेटूं लागली, व चक्र फिरवूनहि पुढलीं चाकें पुरेशीं वळेनात. ट्रकावर आदळण्याऐवजीं त्यानें डाव्या बाजूच्या चरांत गाडी घातली. टांकी फुटली, ट्रॉलीची दांडी वांकली, त्याच्या मनगटाचें हाड मोडलें. शेजारी त्याचा दहा वर्षांचा मुलगा बसला होता, त्यास देवाच्या कृपेनें खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. त्या रात्रीं घरांत कोणी जेवलें नाहीं.

गाडी दुरुस्त झाल्यावर मीं पहिली गोष्ट केली ती म्हणजे नोंदणीपत्र मागितलें. जमिनीचा व्यवहार करतांना आपण सातबारा पाहिल्यावांचून बयाणा देत नाहीं. परंतु आठ-दहा लाखांची गाडी दारांत उभी असून तिच्या नोंदणीपत्रांतील रिकामें वजन व भारासह वजन हीं दोन घरें किती जणांनीं वाचलीं आहेत? या गाडीचें भारासह वजन २,९५० किलो लिहिलें होतें. मग आम्हीं काट्यावर गेलों. दुरुस्त झालेली ट्रॉली पाणी भरून जोडली, हौदा रिकामा ठेवला, व गाडीचीं आधीं पुढलीं चाकें आणि मग चारी चाकें काट्यावर घेतलीं, ट्रॉली खालींच. ट्रॉलीवांचून, चालकासह, पुढल्या चाकांवर ९४० व मागल्यांवर ७९० किलो भरलें. ट्रॉली जोडल्यावर पुढें ८५० व मागें १,१०५. म्हणजे दांडीचा दाब सव्वादोनशें किलो, पण मागें वाढले ३१५ आणि पुढले ९० नाहींसे झाले. नंतर फुग्यांत हवा भरली. मागला भाग चार बोटें वर आला, पुतण्याच्या तोंडावर थोडें हंसूं आलें; काट्याचा आंकडा मात्र ८५० वरून हलला नाहीं.

यांत खताच्या २४ गोणींचे १,२०० किलो मिळवा. गाडी ३,१५५ वर जाते, म्हणजे मर्यादेबाहेर दोनशें किलो, आणि त्यांतलें बहुतेक मागच्या आंसेवर. त्या आंसेची, तिच्या बेअरिंगांची, टायरांची व ब्रेकांची शक्ति फुग्यानें तिळभर वाढत नाहीं. हे फुगे विकणारेहि सोबतच्या पुस्तिकेंत हेंच लिहितात. पण ती पुस्तिका इंग्रजींत, आणि ती गॅरेजांतच राहिली होती. ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक नव्हता हें वेगळेंच.

आणखी एक गोष्ट कळली, ती मला सर्वांत अधिक भयंकर वाटली. कित्येक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकाच्या तेलावर एक व्हॉल्व्ह असतो. रिकाम्या गाडीचीं मागलीं चाकें ब्रेकानें जाम होऊन घसरूं नयेत, म्हणून तो मागचा जोर कमी ठेवतो. भार वाढला कीं जोर वाढूं देतो. भार वाढला हें त्यास कळतें कसें ? चासीपासून आंसेपर्यंत एक दांडी असते. चासी खालीं बसली कीं दांडी हलते. फुग्यांनीं चासी वर उचलून धरली, म्हणजे व्हॉल्व्हास वाटतें गाडी रिकामी आहे ! तीन टनांच्या गाडीस रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो. पुतण्याच्या गाडीस हा व्हॉल्व्ह होता. बसविणाऱ्या कारागिरानें त्याची दांडी नव्यानें जुळवून दिली नव्हती. विचारलें तेव्हां, तसें कांहीं करावें लागतें हेंच त्यास ठाऊक नव्हतें. खात्यांत असतांना कागदावर चांगली आणेवारी आणि शिवारांत करपलेली बाजरी असा प्रकार मीं पाहिला आहे. चुकीचा कागद वर गेला कीं वरून मदत येत नाहीं, तसेंच येथें झालें.

आपल्यांत पुष्कळ जण हवेच्या फुग्याऐवजीं पाट्यांच्या जुडींत दोन पाटे जादा घालतात. त्यांसहि वरील सर्व लागू आहे. उलट फुग्यांतली हवा रिकाम्या गाडीस कमी तरी करतां येते, जादा पाटा तसाच ताठ राहतो व रिकामी गाडी उधळते. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ मध्यें २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तींत जादा भारास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठेविला आहे, आणि जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढें जाऊं देऊं नये असें सांगितलें आहे. काट्यावर तिचें वजन पाहतात, पाटे नव्हे. तरीहि दंडाच्या भीतीनें लोक सुधारतात असा माझा अनुभव नाहीं, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाहीं.

माझी सूचना निराळी आहे. बाजार समित्यांच्या व साखर कारखान्यांच्या आवारांत वजनकाटे असतात. माल नसतांनाहि शेतकऱ्यास आपली गाडी आंसेआंसेनें तोलून पाहतां यावी, त्यासाठीं अल्प आकार घ्यावा, व पावतीवर पुढलें आणि मागलें वजन वेगळें लिहून द्यावें, अशी विनंति आपल्या मंडळानें त्यांस लेखी करावी. आम्हांस या कामीं काट्यावरच्या कारकुनाच्या किती विनवण्या कराव्या लागल्या, तें एक आम्हांसच ठाऊक. "माल नाहीं तर तोलतां काय ?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या दृष्टीनें तो चुकीचा नव्हता.

पुतण्यानें फुगे काढले नाहींत, व मींहि काढ म्हटलें नाहीं. कंपनीच्या कारखान्यांत नेऊन त्यानें व्हॉल्व्हाची दांडी जुळवून घेतली. ट्रॉलीवरची टांकी सुमारें पांच इंच मागें सरकविली, तेव्हां दांडीचा दाब सव्वादोनशेंवरून १७० किलोंवर आला. याहून मागें नेऊं दिली नाहीं. टांकींत दोन आडवे पत्रे बसविले, कारण अर्धवट भरलेलें पाणी उतारावर पुढें धांव घेतें. ट्रॉलीस ब्रेक बसविण्याचें काम अद्याप राहिलें आहे. तोंवर ती भरून घाट उतरावयाची नाहीं असें ठरलें असून, घाटाखालच्या बागेस सध्यां पाणी विकत घ्यावें लागतें. त्याचा खर्च जड जातो. खत वेगळ्या खेपेस येतें, आणि मुलगा शाळेस पायीं जातो.