आडनाव काय म्हणालात?

यंदा या सदरात सर्बियन नावांची ओळख करून घेऊ. आपल्या शिकागो परिसरात सर्ब लोकांची वस्ती जुनी आहे आणि मोठीही. योवानोविच, पेत्रोविच, निकोलिच ही आडनावं दारावरच्या पाटीवर किंवा मुलांच्या शाळेतल्या यादीत तुम्ही नक्की पाहिली असतील.

शेवटचा 'इच' म्हणजे 'लहानगा', 'पोर'. पेतारचं ते पेत्रोव, आणि पेतारचं पोर ते पेत्रोविच. एकोणिसाव्या शतकापर्यंत सामान्य सर्ब कुटुंबात हे नाव पिढीगणिक बदलत असे. पुढे ते कायमचं आडनाव झालं. काही आडनावं धंद्यावरून आली. कोवाच म्हणजे लोहार, म्हणून कोवाचेविच. तेर्झिच हा शिंप्याचा मुलगा. यातला मूळ शब्द फारसी. तुर्कांबरोबर तो बाल्कनमध्ये गेला आणि आपल्याकडे 'दर्जी' होऊन आला. पोपोविच म्हणजे गावच्या पुरोहिताचा मुलगा. ऑर्थोडॉक्स पंथात त्याला संसार करता येतो. कातिचसारखं एखादं आडनाव तर काता नावाच्या बाईवरून आलेलं असतं.

प्रत्येक आडनावाला 'इच' असतोच असं नाही. निकोला तेस्ला पाहा. सर्बियनमध्ये तेस्ला म्हणजे वाकस, सुताराचं लाकूड तासायचं हत्यार. तो शब्द आणि आपलं 'तासणे' मुळात एकच. संस्कृतात 'तक्ष्' हा धातू आहे. नोवाक जोकोविचच्या नावातला 'नोव' आणि आपला 'नवा' हेही असेच सख्खे. मात्र मिलान हे नाव ऐकून फसू नका. त्याचा अर्थ 'प्रिय'. आपल्या 'मिलन'शी त्याचं नातं नाही.

सर्बियन भाषेला आजची लिपी देणारे वुक स्तेफानोविच काराजिच (1787-1864) यांचं नाव तर आपल्याच रीतीचं वाटेल: आधी स्वतःचं नाव, मग वडील स्तेफान यांचं, मग आडनाव. वुक म्हणजे लांडगा. आधीची भावंडं दगावली होती आणि चेटकिणी लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, अशी लोकांची समजूत होती. आपल्याकडच्या धोंडू, दगडू या नावांमागेही आईबापांची हीच धास्ती असे. याच वुकनी 1818 साली आपला शब्दकोश काढला आणि 'एका ध्वनीला एकच अक्षर' हा नियम लावला. देवनागरीत वाढलेल्या आपल्याला त्याचं मोल सांगायला नको.

अमेरिकेत मात्र शेवटच्या अक्षरावरची छोटी रेघ गळते आणि पेत्रोविचचा 'पेट्रोविक' होतो. तुम्ही तरी तसं म्हणू नका. चिवड्यातला 'च' म्हणा, चमच्यातला नको. समोरच्या माणसाचा चेहरा खुलेल.

या नावांची एक काळी बाजूही आहे. 1990 नंतर युगोस्लाव्हिया फुटला, युद्धं झाली. कोवाचेविच हे आडनाव सर्बांत आहे, क्रोएटांत आहे आणि बोस्नियातल्या मुसलमानांतही आहे. लोहार सगळ्यांनाच लागतो! मग आडनावावरून कळेना, तेव्हा पहिल्या नावावरून माणूस कुणाचा ते ठरवू लागले. योवान असेल तर तो बहुधा सर्ब, इवान असेल तर बहुधा क्रोएट. वास्तविक दोन्ही नावं बायबलमधल्या एकाच योहानाची. पण त्या एका अक्षराच्या फरकावर शेजारी परका ठरला, आणि काही ठिकाणी जिवावर बेतलं.

वाचकहो, हे वाचून 'ते लोकच तसे' असं म्हणण्याआधी थोडं थांबा. आपल्या मंडळात कुणी नवं जोडपं आलं, नाव सांगितलं, की पाठोपाठ आपण विचारतो, "आणि आडनाव?" ते कळलं तरी समाधान होत नाही, मग गाव विचारतो, मग मामांचं आडनाव. आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. सात समुद्र ओलांडून आलो, तरी ही चाळणी सामानातून बरोबर आलीच.

या दिवाळीत फराळाच्या ताटाशी कुणी नवखा भेटला, तर त्याचं नाव जरूर विचारा आणि नीट उच्चारा. नावाचा अर्थ विचारा, ते कुणी ठेवलं ते विचारा. गप्पांना तेवढं पुष्कळ आहे. आडनाव तो आपणहून सांगेल, त्याला वाटेल तेव्हा.