पाहण्याची अदब

३१ डिसेंबर २०२४ ला गोठणगावच्या सफारीमार्गावर काय झाले, हे आता महाराष्ट्रभर सगळ्यांना माहीत आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली एफ-२ वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्याने निघाली होती. पुढून जिप्सी आल्या, मागूनही आल्या, आणि ती मधोमध अडकली. गाड्यांतून हात बाहेर आणि प्रत्येक हातात मोबाईल. ज्यांनी तिला अडवले त्यांचेच चित्रीकरण फिरत फिरत आपल्यापर्यंत आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, जिप्सीचालक आणि गाईड निलंबित झाले, दंडही झाला. नियम मोडला, शिक्षा झाली, यात गैर काही नाही. पण प्रकरण तिथेच मिटवले जात आहे, ते मला पटत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर जे उभे होते, त्यांचे काय?

हे आमच्या कुही वनपरिक्षेत्रात घडले, म्हणून शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर हाच विषय होता. त्याच दिवसांत मेलबर्नहून भाच्याचा फोन आला. मुलांना घेऊन तो फिलिप बेटावर पेंग्विन बघायला गेला होता. मी म्हटले, फोटो पाठव, वर्गात दाखवतो. तर म्हणाला, "मामू, फोटो नहीं है. मना है वहाँ."

पेंग्विन म्हटले की आपल्या मुलांना मुंबईची राणीची बाग आठवते. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला, आणि २०१७ पासून उरलेले लोकांना काचेआड दिसू लागले. फिलिप बेटावरचे पेंग्विन जंगली आहेत. जगातली ही सर्वांत लहान जात, उंची साधारण ३३ सेंटिमीटर, वजन किलोभर. म्हणजे आपल्या गावठी कोंबडीहूनही हलका जीव. दिवसभर समुद्रात मासे पकडायचे आणि अंधार पडू लागला की किनाऱ्यावरच्या आपल्या बिळात परतायचे, हा त्यांचा दिनक्रम. उजेडात वाळू ओलांडली तर वरून शिकारी पक्षी झडप घालतील, म्हणून ते संध्याकाळ पूर्ण उतरेपर्यंत पाण्याच्या काठाशी घोळक्याने थांबतात. भाचा सांगत होता की चार-पाच जण दोन पावले पुढे येतात, कशाला तरी बिचकतात आणि सगळे परत पाण्यात. असे तीन-चारदा होते. मग एकदम वीस-पंचवीस जण, जणू कुणी हुकूम दिला, डुलत डुलत वाळू पार करतात. तिथे जानेवारीत सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. तोवर हजारो माणसे पायऱ्यांवर बसून असतात. उठायचे नाही, आरडाओरडा नाही, फोटो तर नाहीच. परत निघताना गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचे, चाकाजवळ एखादा पेंग्विन बसलेला असू शकतो. तशा पाट्याच लावल्या आहेत.

हे त्या लोकांच्या रक्तात होते असे समजू नका. १९२० च्या दशकात तिथलेच रहिवासी पर्यटकांना रात्री टॉर्च घेऊन पेंग्विन दाखवायला न्यायचे. पुढे त्याच टोकावर प्लॉट पडले, घरे झाली, रस्ते आले, कुत्री आली. गाड्यांखाली आणि कोल्ह्यांच्या तोंडी पेंग्विन मरू लागले. बेटावरच्या इतर वसाहती संपल्या. तेव्हा १९८५ साली तिथल्या राज्य सरकारने ठरवले की ही सगळी मानवी वसाहत विकत घ्यायची. एकेक घर, एकेक प्लॉट घेत हे काम २०१० पर्यंत चालले. पंचवीस वर्षे!

घरे उठवणे म्हणजे काय, हे कुही तालुक्याला कुणी शिकवायला नको. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ चे. त्या पाण्याखाली आमच्या तालुक्यातली गावे, शेते, कब्रस्ताने गेली आणि मोबदल्यासाठी माणसे वर्षानुवर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिली. त्यामुळे 'प्राण्यांसाठी माणसांना हटवा' असे कुणी सरसकट म्हटले की माझ्या अंगावर काटा येतो. जंगलाच्या कडेला राहणारा धानकरी आणि मिरचीच्या सातऱ्यावरून अंधारात घरी परतणारी बाई वाघासोबत रोज जगतात, तेही जिप्सीशिवाय. तेव्हा कुणी हटायचेच असेल तर आधी त्याने, जो फक्त बघायला आला आहे. त्याला तर घरही सोडायचे नाही. फक्त वीस पावले मागे सरकायचे आहे.

आणि हे महाराष्ट्रात जमते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास बघा. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. एकेकाळी ती अंडी खणून खाल्ली जात, विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केले. घरट्यातली अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरायची, सुमारे ५० दिवस राखण करायची आणि पिल्ले निघाली की सकाळी किंवा संध्याकाळी पाण्याच्या दिशेने सोडायची. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पर्यटक गावातल्याच घरांत उतरतात, तिथेच जेवतात, आणि दोरीच्या अलीकडे उभे राहतात. पलीकडे तळहाताएवढीही नसलेली पिल्ले वाळूतून सरपटत समुद्राकडे जातात. त्यांना हात लावायचा नाही, उचलून पाण्यात ठेवायचे नाही. ती वाट त्यांनीच चालायची. हजारात एखादेच मोठे होते म्हणतात. आणि कधी कधी टोपली उचलली तर खाली नुसती वाळूच असते, एकही पिल्लू नाही. पुण्या-मुंबईहून आलेले लोक तसेच परत जातात. पैसे परत मागत नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी सफारीत गाईड आहे, गोठणगावच्या त्या प्रकरणात तो नव्हता. मी त्याला विचारले, गाडी मागे घ्यायला सांगत का नाही तुम्ही? तो म्हणाला, "सर, वाघ नाई दिसला तं टीप कोन देते?" त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि न्यायालयासमोरही हा प्रश्न याच शब्दांत कुणी ठेवला नसेल. गावातल्या पोराला हंगामी काम द्यायचे, त्याची कमाई वाघ दिसण्याला बांधायची आणि मग त्यानेच पाहुण्याला शिस्त लावावी अशी अपेक्षा ठेवायची. वाघ दिसलाच पाहिजे, हा हट्ट गाडीत पैसे देऊन बसलेल्याचा आहे. दंडाची पावती मात्र चालकाच्या नावाने फाटते.

अबू दाऊदच्या हदीस-संग्रहातला एक प्रसंग आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती घिरट्या घालत, पंख फडफडवत आली. हुजूरांनी (स.) विचारले, हिला पिल्लांवरून कुणी दुखावले? आणि पिल्ले परत ठेवायला लावली. उचलणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे त्यात कुठेच येत नाही. बहुधा कौतुकच असेल. गोठणगावातही सगळे कौतुकानेच आले होते.

उर्दू शिकवताना 'अदब' या शब्दापाशी मी दरवर्षी थांबतो. उर्दूत तो पुल्लिंगी, मराठीत आल्यावर स्त्रीलिंगी झाला. उर्दूत साहित्यालाही अदब म्हणतात आणि वागण्यातल्या सभ्यतेलाही. मराठीने दुसरा अर्थ तेवढा घेतला. समोरच्याला त्याची जागा सोडणे, आपला आवाज त्याच्या आवाजाखाली ठेवणे. बघण्यालाही ती लागू व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याला हे नवे नाही. पुढच्या महिन्यात रमजानचा चाँद बघायला आपण गच्च्यांवर उभे राहू. मगरिबच्या वेळेला सगळा मोहल्ला पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो, म्हातारे डोळ्यांवर हात धरतात, पोरे विजेच्या तारेलाच चाँद समजून ओरडतात. दिसला तर मुबारकबाद. नाही दिसला तर तीस दिवस पूर्ण करायचे आणि खाली उतरून चहा प्यायचा. ढगांवर कुणी तक्रार नोंदवत नाही. ज्या समाजाला वर्षातून किमान दोनदा असे हात बांधून वाट बघायची सवय आहे, त्याची मुले जिप्सीत चढली की 'आगे लो, आगे लो' का करतात?

जंगलात बसून बघण्याची पद्धतही आपल्याकडे आहेच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणावर बसवतो. मी एकदा बसलो आहे. संध्याकाळी चढलो ते सकाळी उतरलो. आधी मोर आले. मग रानडुकरांचे अख्खे कुटुंब, चिखलात लोळून गेले. रात्री उशिरा एक सांबर आले आणि पाण्याला तोंड लावण्याआधी कितीतरी वेळ नुसते कान हलवत उभे राहिले. त्याचा तो श्वास मला वर ऐकू येत होता. वाघ आला नाही. घरी बायकोने विचारले, मग रात्रभर बघितले काय? मी तिला सांबराचे कान सांगत बसलो. तिला ते फारसे पटले नाही, हेही नोंदवतो.

मचाण वर्षातून एका रात्रीचे आणि मोजक्या लोकांसाठी. शाळेच्या मुलांना तिथे नेता येत नाही, आणि जिप्सीचे भाडे आमच्या पालकांच्या आवाक्यातले नाही. माझ्या वर्गात चाळीस मुले आहेत. अभयारण्य इतके जवळ, पण आत जाऊन आलेली मुले हाताच्या बोटांवर मोजता येतील. वाघिणीची चित्रफीत मात्र चाळीसही जणांनी पाहिली आहे. जंगल कसे बघायचे, हे ती त्यातूनच शिकली.

म्हणून वनविभागाच्या नावे मी एक अर्ज लिहिला आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावाजवळच्या एखाद्या बोडीच्या काठावर झाडांच्या आडोशाला दगडी पायऱ्या बांधाव्यात, पन्नासेक माणसे बसतील एवढ्या. संध्याकाळी दीड तास बसायचे, अंधार व्हायच्या आत गाडीने परत. मोबाईल आधीच जमा. तिकीट दहा रुपये, गाईडला ठरलेली मजुरी, टीप नाही. तिकिटावर ठळक अक्षरांत छापायचे की काहीही न दिसण्याची शक्यता आहे. मुख्याध्यापकांची सही झाली आहे. सोमवारी तो आवक-जावकला देणार आहे.