वजनगट वेगळा करा, मोहोळसाहेब

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री



रत्नागिरीतल्या आम्हा तिघा मित्रांना अमेरिकेतलं एक जुनं सेस्ना १७२ विमान घ्यायचं आहे. चार आसनं, एक इंजिन, वय माझ्या थोरल्या मुलाहून जास्त. हसू नका, घरचे हसून झालेत.

किंमत समजा एक लाख डॉलर, म्हणजे नव्वद लाखांच्या आसपास. हिशेबातला हा सोपा भाग. आधी लॉगबुकं वाचायची. साधारण दोन हजार तासांनी इंजिन पूर्ण उघडून बांधावं लागतं. त्यातले किती तास उरलेत, पंखाला कधी मार बसलाय का, सगळं त्यातच. एक लॉगबुक गहाळ झालं की ते विमान म्हणजे सातबारा नसलेली जमीन. कर्जाचा बोजा आहे का, ते ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयात पाहायचं. तिथली नोंद रद्द झाल्याशिवाय आपलं 'व्हीटी' हे भारतीय नोंदणीचिन्ह मिळत नाही. मग पंख उतरवून कंटेनरमधून आणा, नाहीतर जादा टाकी बसवून ग्रीनलँड-आइसलँडमार्गे आणणारा वैमानिक शोधा. इथे पुन्हा तपासणी, उड्डाणयोग्यतेचा दाखला, विमा. हँगरही हवा. खाऱ्या हवेत पत्र्याची काय गत होते, ते आमच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. ॲल्युमिनियमही त्यातून सुटत नाही.

एवढं सगळं आम्ही मान्य केलं. गाडी अडते ती कराशी. व्यवसायासाठी विमान आणलं तर ५ टक्के जीएसटी, स्वतःसाठी आणलं तर ४०. आधी २८ टक्के आणि ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४०. तोही नुसत्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून. म्हणजे छत्तीस लाखांच्या वरच. उद्योगपतीच्या जेटलाही हाच दर.

आपण कुस्तीच्या आखाड्यात घाम गाळलेले. पूर्ण भरूनही जेमतेम टनभर भरणारं विमान आणि जेट एकाच गटात कुणी लढवतं का? जीएसटी परिषद आपल्या खात्याकडे नाही, हे ठाऊक आहे. पण वजनगट ठरवताना खात्याचा शब्द तिथे चालेल.

दुसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातातली. दाबयुक्त केबिन नसलेल्या जुन्या छोट्या विमानाला आयातीची परवानगी द्यायची की नाही, हे कागदपत्रं पाहून ठरवतात. ठरवा, पण विसार देण्याआधी. लॉगबुकांच्या प्रती पाहून ठरावीक दिवसांत हो किंवा नाही कळलं, तर नाही ऐकूनही आम्ही खूश राहू.

कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१७ साली त्याची नोंदणी होईपर्यंत वर्षानुवर्षं झगडले. आमच्यात तेवढी चिकाटी नाही, आणि गच्चीही नाही; कौलारू घरं आमची.

आमच्या रत्नागिरीतल्या मिरजोळ्याच्या धावपट्टीवर उतरायचं तर तटरक्षक दलाला विचारावं लागेल. ते पत्र विमान आल्यावर लिहू.

कळावे,
आपला नम्र,
एक रत्नागिरीकर