देवापुढे उघड, अर्जात झाकलेले

जामसांवली हे गाव आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल. नागपूरच्या उत्तरेस, महाराष्ट्राची वेस ओलांडताच लागणाऱ्या सौंसरच्या मराठीभाषक मुलखात ते वसले आहे. हा मुलूख पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ साली तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. तेथील पहुडलेल्या मारुतीच्या चरणी दुखणेकऱ्यांना, त्यातही मनोरुग्णांना, घेऊन माणसे दुरून येतात. घरात झाकून ठेवलेले दुखणे तेथे उघड सांगितले जाते. आपल्याकडे ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतानाही हाच रिवाज आहे. देवापुढे लपवाछपवी नाही.

परंतु हाच माणूस वैयक्तिक आरोग्य विम्याचा अर्ज भरावयास बसला की त्याची लेखणी अडखळते. मधुमेह आहे काय? शस्त्रक्रिया झाली आहे काय? मनोविकारावर औषधे चालू आहेत काय? सर्वांपुढे 'नाही' असे लिहून तो मोकळा होतो. कधी हप्ता वाढण्याची धास्ती असते, कधी घरातील मुलीचे लग्न मोडेल ही भीती, तर कधी 'हे लिहूच नका' हा एजंटाचा सल्ला. कित्येकदा तर अर्जदार केवळ सही करतो. उत्तरे दुसराच कोणी भरतो.

विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे, याचा येथे विसर पडतो. मेडिक्लेमच्या एका प्रकरणात मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार अर्जात दडवल्यामुळे दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली योग्य ठरविले. घराने पोटाला चिमटा काढून हप्ते भरावेत आणि ऐन प्रसंगी हात रिकामाच राहावा, यापरते दुर्दैव कोणते?

वास्तविक खरे सांगण्याची वाट आता पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमासंरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आधीच जडलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. नोंदवलेल्या आजाराला तीन वर्षांचा धीर पुरतो. दडवलेला आजार मात्र पाच वर्षे डोक्यावर टांगत्या तलवारीसारखा राहतो, आणि फसवणूक सिद्ध झाल्यास त्यानंतरही सुटका नाही.

तथापि सारा दोष अर्जदाराच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. बारीक अक्षरांतील इंग्रजी अर्ज सामान्य माणसाने कसा समजून घ्यावा? तो मराठीत मिळालाच पाहिजे. मनोविकाराचा उल्लेख दिसताच अर्ज बाजूला सारला जात असेल, तर कायद्याचा हेतूच विफल होतो आणि खोटे बोलणाऱ्याला उत्तेजन मिळते, हे कंपन्यांनी ध्यानी घ्यावे.

अर्जदाराने आपल्यापुरते एवढे अवश्य करावे : उत्तरे स्वतः भरावीत, अर्जाची प्रत जपून ठेवावी आणि विमापत्र हाती येताच ते बारकाईने वाचावे. अटी पटल्या नाहीत तर तीस दिवसांत ते परत करण्याची मुभा आहे. मारुतीपुढे हात जोडून जे सांगितले, ते कागदावर लिहावयास संकोच कसला? देवाला न सांगताही कळते. विमा कंपनीला ते सांगावेच लागते.